सात वाजताचा कवडसा

हार्नेस पीक,
गुरुवार, सकाळ.

प्रिय लिनेट,

तुझं पत्र मंगळवारी हॉयटने वर आणलं. खेचराच्या पाठीवरच्या पिशवीत कांदे आणि कॉफीचा डबा यांच्यामध्ये ते दाबून बसवलेलं होतं, त्यामुळे त्याला अजून दोन्हींचा वास येतो. पाकिटावरचं अक्षर मी लगेच ओळखलं. माझ्या नावातलं पहिलंच अक्षर तू अजून तसंच काढतेस, मागून कुणीतरी ढकलल्यासारखं. मी पाकीट हातात धरून नुसतीच उभी राहिले, तर हॉयट पट्टे सोडता सोडता म्हणाला, "उघड की रूथबाई. पाच खेचरं चढवून आणली मी, त्यातलं एकही इतकं घाबरलं नव्हतं." तो अजून तसाच आहे, फक्त गुडघे गेलेत आणि मिशी पांढरी झालीय. बायको बरी आहे म्हणाला. तुला आठवण सांगितलीय.

अकरा वर्षांनी तू लिहिलंस, आणि मागितलंस तेही एका शब्दाचं उत्तर. तुझी ब्रिन एकोणीस वर्षांची झाली, तिने तुला न विचारता पार्कला अर्ज केला, पुढच्या उन्हाळ्यासाठी तिला वणव्यांच्या टेहळणीचं काम देऊ केलंय, आणि महिनाअखेरीपर्यंत तिने होकार कळवायचा आहे. "हो किंवा नाही, एवढंच लिही," असं तू म्हणतेस. "तू सांगशील तसं मी तिला सांगेन. तिच्याकडे माझेच डोळे आलेत, आणि माझे डोळे काय लायकीचे आहेत हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही." हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. हॉयट पायवाट दुरुस्त करणाऱ्यांच्या तळावर पुढे गेलाय, उद्या दुपारी परत येताना माझं पत्र घेऊन खाली उतरेल. मंगळवारपासून मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही चुलीत घातली. पहिल्यात फक्त 'हो' होतं. दुसऱ्यात फक्त 'नाही'. तिसरं पाच पानांचं होतं आणि त्यात हवापाण्याखेरीज काहीच नव्हतं. हे चौथं.

माझा इथला हा सव्विसावा उन्हाळा. हिवाळ्यात मी खालच्या गावात कॉलेजच्या वाचनालयात असते, पण लोकांना विचारलंस तर ते सांगतील, रूथ ना, ती वर असते. चौकी तशीच आहे. चौदा बाय चौदाची खोली, चारी बाजूंनी काचा, मधोमध दिशा मोजायचं ते पितळी गोल यंत्र, आणि विजा पडायला लागल्या की ज्यावर पाय वर घेऊन बसायचं ते काचेच्या पायांचं स्टूल. त्या स्टुलावर बसलं की आपण कोंबडीसारख्या दिसतो असं तू म्हणायचीस. मी अजून कोंबडीसारखीच दिसते, फक्त बघायला कुणी नाही. बाकीच्या शिखरांवर आता कॅमेरे बसवलेत. ते झोपत नाहीत, त्यांना पाणी लागत नाही, आणि पाणी आणायला ते कुठे जातही नाहीत. माझी चौकी ऐतिहासिक ठरली म्हणून माणसासकट राखून ठेवलीय. गेल्या महिन्यात एक कुटुंब सात मैल चढून आलं. त्यातल्या लहान मुलीने काचेला नाक लावून माझ्याकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "ही बाई खरी आहे का?" आई ओशाळली, मी हसले. पण ते गेल्यावर यंत्राचं पितळ पुसताना माझ्या मनात आलं की प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता.

दाराशी एक फलक लावलाय. टॅनर ओढ्याची ती आग सर्वांत आधी कळवून खोऱ्यातली माणसं वेळेत बाहेर काढायला मदत करणारी, म्हणून त्यावर माझं नाव आहे. त्याच्यावर मी मोजे आणि भांडी पुसायचं फडकं वाळत घालते. वारा तिथे बरा लागतो, असं मी लोकांना सांगते. हॉयट मंगळवारी म्हणाला, "स्वतःच्या नावावर मोजे वाळत घालणारी मी बघितलेली तू पहिलीच."

दिवस इतके सारखे आहेत की डायरी नसती तर मला एक उन्हाळा दुसऱ्यापासून वेगळा काढता आला नसता. दर पंधरा मिनिटांनी चारी बाजू बघायच्या, हवा नोंदवायची, डब्यातल्या घेवड्यात कांदा परतून खायचा. खालच्या कचेरीतून रेडिओवर आता मर्ल नाही. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, तुला कळलं असेलच. त्याच्या जागी एक फार सभ्य मुलगा आहे, तो माझी हजेरी घेतो, धन्यवाद म्हणतो आणि बंद करतो. मर्ल हजेरी घ्यायचा म्हणजे अर्ध्या डोंगराची करमणूक असायची. परवा मी त्या मुलाला मुद्दामच विचारलं, आज जेवायला काय केलंस? तो म्हणाला, "मॅडम, काही अडचण आहे का?"

आणि एक सांगते, हसू नकोस. संध्याकाळी सात वाजता मी अजून आरसा धरते.

आपण बावीस वर्षांच्या होतो. एकाच कॉलेजातून, एकाच बसने आलो, आणि आपल्याला दोन शेजारची शिखरं मिळाली म्हणून रस्ताभर नाचलो. शेजारची म्हणजे मध्ये अकरा मैलांचं अंतर, हे मागाहून कळलं. तू बकहॉर्नवर, मी इथे, आणि मध्ये टॅनर ओढ्याची दरी. रेडिओवर सगळं सगळ्यांना ऐकू जातं म्हणून तूच ती युक्ती काढलीस. सातच्या ठोक्याला जेवणाआधी आरशाने उन्हाचा कवडसा पाडायचा. दोन कवडसे म्हणजे सगळं ठीक. तीन म्हणजे फार कंटाळा आलाय. चार म्हणजे, "हॉयट खेचरांचा तांडा घेऊन निघालाय, केस विंचर." त्या चार कवडशांवर तू इतकी खूश असायचीस की हॉयट न निघतासुद्धा पाडायचीस. एकदा मी खरंच नवा शर्ट घालून दोन तास पायवाटेकडे बघत बसले, आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर तू साळसूदपणे विचारलंस, "हार्नेस, काल काही हालचाल?" मर्लला काही कळलं नाही, पण हॉयटला कळलं असावं. बऱ्याच वर्षांनी, त्याचं लग्न झाल्यावर, तो मला म्हणाला की त्या उन्हाळ्यांत माझी चौकी नेहमी फार नीटनेटकी असायची. मी म्हटलं, अजूनही असते.

मर्लचा पहिल्या आठवड्यातला धडा आठवतो? पाऊस पडून गेल्यावर आपल्याला कचेरीमागच्या टेकडीवर उभं केलं आणि दरीतून वर येणारी पांढरी धुक्याची लड दाखवली. "हा पाणकुत्रा. दिसायला हुबेहूब धूर. पण धुराचा पाय एका जागी रोवलेला असतो. हा पठ्ठ्या हुंगत हुंगत दरीभर हिंडतो. पाय रोवलेला दिसला तरच मला हाक मारायची. कुत्र्यासाठी उठवलंत तर याद राखा." आणि तू पहिल्या उन्हाळ्यात तीनदा त्याला कुत्र्यासाठी उठवलंस. तिसऱ्यांदा तर हेलिकॉप्टर जाऊन आलं. मग रोज संध्याकाळी हजेरीला तो विचारायचा, "बकहॉर्न, आज किती पाळलीस?" आणि तू म्हणायचीस, "दोन, आणि एक गाभण आहे." सगळे हसायचे. तूही हसायचीस. पण त्यानंतर तुला हुकूम झाला की काहीही दिसलं तरी आधी रूथला विचारायचं, तिने बघितलं की मगच खाली कळवायचं. तू ते मनाला लावून घेतलंस हे मला दिसत होतं. माझी एकदाही चूक झालेली नव्हती, कारण मी दहा वेळा बघितल्याशिवाय बोलत नसे. तू म्हणायचीस, "माझ्यापेक्षा तुझ्या डोळ्यांवर माझा जास्त विश्वास आहे." ते ऐकून मला बरं वाटायचं. किती बरं वाटायचं, ते डायरीत लिहिलेलं आहे.

तुझ्या पत्रातलं ते मधलं पान मी पुन्हा वाचलं, जिथे तू गंमत म्हणून लिहिलंयस की सिग्नलला समोरचा दिवा हिरवाच आहे ना हे तू शेजारी बसलेल्या माणसाला विचारतेस, आणि वर्गात मुलांचे पेपर तपासले की एकदा दुसऱ्या शिक्षिकेकडून बघून घेतेस. शाळेत त्यावरून तुझी थट्टा करतात, असंही लिहिलंयस. "नेब्रास्का इतकं सपाट आहे की इथे चुकायला जागाच नाही, तरी माझी सवय जात नाही." मला त्यावर हसता आलं नाही, लिनेट.

आता ब्रिनबद्दल. तू लिहिलं नाहीस, बहुधा तुला माहीतच नसेल. तिला कुठली चौकी देऊ केलीय ते हॉयटने सांगितलं. बकहॉर्न. पार्कने जुने नकाशे काढून, होती तशीच नवी बांधलीय, अगदी जिन्याच्या पायऱ्यांसकट. हॉयटनेच या उन्हाळ्यात लाकूड वर नेलं. जूनमध्ये एके दिवशी मी दुर्बीण फिरवत होते आणि चोवीस वर्षं मोकळ्या असलेल्या त्या माथ्यावर चार खांब दिसले. मला वाटलं, दुर्बिणीची काच खराब झाली. मग छप्पर आलं, मग काचा. काचा बसल्या त्या दिवशी संध्याकाळी सूर्य त्यांच्यावर पडला आणि इथपर्यंत लखलखलं. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि आरसा शोधायला धावले. तिथे कुणी नव्हतं. सुतार चारलाच उतरले होते.

म्हणून मला माझ्या 'हो'चा भरवसा वाटत नाही. पहिलं पत्र मी त्यासाठीच जाळलं. ब्रिन आली तर समोर माणूस असेल, सातला कुणीतरी उत्तर देईल, आणि तेही तुझी मुलगी. मी हे इतक्या वेळा मनात रंगवलंय की तिला किती मापाचा बूट लागत असेल हाही विचार करून झाला. एवढा स्वार्थ असलेल्या बाईने एका आईला सल्ला द्यावा का? आणि 'नाही' का जाळलं, तर ते लिहिताना माझा हात फार सहज चालला. ब्रिन आली नाही तर तुला काही सांगायची वेळच येणार नव्हती.

त्या उन्हाळ्याबद्दल आपण कधीच नीट बोललो नाही. ख्रिसमसच्या कार्डावर बोलणार तरी काय? ऑगस्टचा तो दिवस. दुपारी विजा झाल्या, पाऊस अर्धा तास. सातला दहा मिनिटं असताना रेडिओवर तुझा आवाज आला. "रूथ, टॅनर ओढ्याच्या वळणावर बघ ना. पांढरं काहीतरी उठतंय. मला तर पाय रोवलेला वाटतोय गं. तुला काय दिसतं?" इकडून उत्तर गेलं की बघितलं, पाणकुत्रा आहे. तू मोठ्याने सुस्कारा सोडलास आणि हसलीस. "बरं झालं तुला विचारलं. नाहीतर उद्या मर्लने मला गळ्यातला पट्टाच पाठवला असता." मर्ल मध्येच म्हणाला, "पट्टा मागवून ठेवलाय." त्या दिवशी सातला तू दोन कवडसे पाडलेस, असं तू नंतर सांगितलंस. मला ते दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी एक चाळीसला वाऱ्याने दिशा बदलली आणि ओढ्याच्या वळणावरून काळा खांब उभा राहिला. तो मी कळवला, बिनचूक कोन देऊन. तेच ते फलकावरचं. तुझ्यापासून तो तीन मैलांवर होता. तू रेडिओवर म्हणालीस, "निघते, तळ्याकडे," आणि मग तुझा रेडिओ बंद झाला. मर्ल तुला हाक मारत राहिला. तो तुला नावाने हाक मारतोय असं मी पहिल्यांदाच ऐकलं. साडेतीनला बकहॉर्नच्या काचा फुटलेल्या मी दुर्बिणीतून पाहिल्या, आवाज आला नाही. तू मानेपर्यंत पाण्यात चार तास उभी होतीस, डोक्यावर ओलं घोंगडं घेऊन. सातला, धूर थोडा फाटला तेव्हा तळ्याच्या काठावरून दोन कवडसे आले. दोन. सगळं ठीक. मी इथे फरशीवर बसून किती रडले ते कुणालाच माहीत नाही. तो तुझा शेवटचा कवडसा.

मग कचेरीतली चौकशी. लांब टेबल, तिघं साहेब, आपण दोघी शेजारी. तुझी नोंदवही चौकीबरोबर जळली होती, माझी तेवढी समोर होती. मधल्या साहेबाने त्या संध्याकाळची ओळ मोठ्याने वाचली. "सहा पन्नास. बकहॉर्नकडून विचारणा, टॅनर ओढा. पाहिलं. पाणकुत्रा." मग माझ्याकडे बघून विचारलं, "पाहिलं, असं लिहिलंय. बरोबर?" मी म्हटलं, "हो." तू टेबलाखालून माझा हात दाबलास, मला धीर द्यायला. साहेब म्हणाला की आठ मैलांवरून फसणं समजू शकतं, पण तीन मैलांवर बसलेल्या मुलीने पाठ फिरवायला नको होती. आणि तू, कुणी विचारलं नसताना म्हणालीस, "चूक माझीच आहे. माझे डोळेच तसे आहेत. रूथला यात ओढू नका." पुढच्या उन्हाळ्यासाठी मला नेमणुकीचं पत्र आलं, तुला आलं नाही. बसच्या थांब्यावर तू तुझा आरसा माझ्या हातात दिलास. त्याची प्लॅस्टिकची कड वितळून सुरकुतलेली. म्हणालीस, "तुझा फुटला तर असू दे." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. तू म्हणालीस, "रडू नकोस हं, नाहीतर मीही रडेन, आणि ड्रायव्हर बघतोय." बस गेली.

काल मी त्या वर्षाची डायरी काढली. हिवाळ्यात खाली नेत नाही मी ती, इथेच पलंगाखालच्या पेटीत असते. मी किती चिकित्सक आहे हे तुला ठाऊक आहे. कुणाला एखादा शब्द टोचून बोलले तर तीन पानं लिहून स्वतःची उलटतपासणी करते. त्या ऑगस्टमध्येही रोज पानं भरलेली आहेत. फक्त त्या एका दिवशी दोन ओळी आहेत. हवा, पाऊस, आणि खाली, "उद्या हॉयट येणार. केस धुतले." चोवीस वर्षं मी ते पान उलटून पुढे जात आले. डायरीत खोटं कुठेच नाही असा मला अभिमान होता, आणि तो खराही होता. ते पानही खोटं नाही. त्याच्यात सगळं आहे.

झरा उत्तरेच्या अंगाला आहे, तुला माहीत आहे, आणि तिथून टॅनर ओढ्याची दरी दिसत नाही. मध्ये अख्खं हार्नेस शिखर उभं आहे. पाण्याला जायचं ते सकाळी, मर्लला सांगून, एरवी चौकी सोडायची नाही. मी सकाळी जाऊन आले होते. पण नऊ दिवस केस धुतले नव्हते, पावसानंतर हवा ऊबदार होती, आणि दुसऱ्या दिवशी हॉयटचा तांडा येणार होता. मी हातात धरायचा रेडिओ, साबण आणि टॉवेल घेऊन कुणालाही न सांगता झऱ्यावर उतरले. तू हाक मारलीस तेव्हा माझे डोळे मिटलेले होते, लिनेट. साबणाने. 'मी चौकीवर नाही' एवढं म्हणायचं होतं, पण मर्ल ऐकत होता, सगळा डोंगर ऐकत होता, आणि मी न चुकणारी रूथ होते. म्हणून मी म्हटलं, बघितलं. पाऊस पडलाय, म्हणजे कुत्राच असणार, असं म्हणून स्वतःला समजावलं. ओल्या केसांनी धावत वर आले तेव्हा पावणेआठ झाले होते, गार हवेने धूर दरीत खाली बसला होता आणि काहीच दिसत नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. मग मी वही उघडली आणि सहा पन्नासच्या ओळीत 'पाहिलं' असं लिहिलं.

या आठवड्यात पार्कने चौकीत ठेवलेल्या सगळ्या जुन्या नोंदवह्या संग्रहासाठी मागवल्यात, त्याही उद्या हॉयटच्या खेचरावरून जातील. नोंदवहीचा आपला नियम तुला आठवत असेल. खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या शब्दावर एक सरळ रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, बाजूला खरं लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. आज पहाटे उजाडल्यावर मी ते केलं. 'पाहिलं'वर रेघ मारली आणि लिहिलं, "पाहिलं नाही. चौकीवर नव्हते. बकहॉर्नने बरोबर ओळखलं होतं." आजची तारीख, सही. वाचून पार्क मला ठेवणार नाही कदाचित, फलकही काढतील. त्यांना हवं ते त्यांनी करावं. तुला मात्र हे कुणा साहेबाकडून कळायला नको होतं, म्हणून हे पत्र. तू धूर पाहिला होतास. पाय रोवलेला, तीन मैलांवरून, तेवीस वर्षांची असताना, सगळे तुला हसत असताना. तुझे डोळे तेव्हाही चांगले होते आणि मधल्या चोवीस वर्षांत रस्त्यावरचा दिवा दर वेळी हिरवाच होता. क्षमा मी मागत नाही. मागितली तर तू देशील, तू तशीच आहेस, आणि मग ते पुन्हा तुझ्यावरच पडेल. तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. ब्रिनकडे तुझे डोळे असतील तर तिला पाठव. तिच्यासमोर मी नको असं तुला वाटलं तर तसं एका शब्दाने कळव, मी इथून उतरेन. आणि ती निघताना तिला माझ्याकडून एवढं एक सांग, मर्लने आपल्याला शिकवलं नाही ते. शेजारच्या शिखरावरून कुणी 'बघितलं' म्हणालं, आवाज कितीही ओळखीचा असला तरी, तिने आधी विचारावं, "तू आत्ता उभी कुठे आहेस?"

तुझीच,
रूथ

ता.क. तुझा आरसा पाकिटात मावत नव्हता, म्हणून टॉवेलात गुंडाळून हॉयटकडे देतेय. बकहॉर्नवर तो लागेल.